पोईचं भांडं उघडं असेपर्यंत

तो माणूस बाहेरचं पान खात होता!

लाऊलाऊ कसा असतो? डुकराचं मांस आणि खारवलेला मासा अळूच्या पानांत गुंडाळायचा, त्याला वरून एक लांबरुंद, चिवट पान बांधायचं आणि चार तास वाफेवर ठेवायचा. आतलं अळू जिभेवर विरघळतं. बाहेरचं पान नुसतं बांधायला असतं, ते सोडून टाकायचं. आणि हा बाबा आतलं सगळं बाजूला सारून तेच चावत बसला होता… मोठ्या निष्ठेनं, डोळे मिटून.

नोहेआ काउंटरच्या मागून बघत होती. हवाईतल्या हानालेईच्या खोऱ्यात, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती दर शुक्रवारी ताटं विकायची. बाहेर लख्ख उन्हात पाऊस पडत होता. इथे तो असा रोजच पडतो, त्याच्यासाठी कुणी छत्री उघडत नाही. हा मात्र छत्री घेऊन आला होता. तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं म्हणा.

"अहो… ते खायचं नसतं."

त्याचं चावणं थांबलं. एक गाल फुगलेला, डोळे गोल. "कुठलं?"

"तोंडात आहे ते."

"मग आधी सांगायचं ना! मी दहा मिनिटं चावतोय."

"मला वाटलं, तुम्हाला आवडलं असेल. आम्ही कुणाच्या आवडीत ढवळाढवळ करत नाही."

त्यानं निमूटपणे कागदी रुमालात ते पान काढून ठेवलं आणि ताटाकडे असं पाहिलं, जणू काहीतरी हरवलंय. मग हळूच विचारलं, "आणि… अननस कुठाय?"

"कशात?"

"कशातही. हवाईचं जेवण म्हणजे अननस हवाच ना? पिझ्झ्यावर असतो, बर्गरमध्ये असतो…"

"तो पिझ्झा कॅनडात निघालाय. अननसाचा पत्ता तिकडे विचारा."

"बरं. मग ही जांभळी खळ कसली?"

खळ! नोहेआच्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर त्यांनी शेड बंद केली असती. "पोई आहे ती. अळूचा कंद उकडून, कुटून करतात."

त्यानं चमचाभर तोंडात टाकली आणि त्याच्या चेहऱ्याचं जे काही झालं ते बघून नोहेआला हसू आवरेना. "अहो, नुसती काय खाताय! एक घास खाऱ्या सामन माशाचा, एक पोईचा. ती खारं शांत करते आणि खारं तिला जागं करतं."

"आंबट आहे हो पण."

"तीन दिवसांची आहे. आंबटच चांगली."

"तीन दिवसांची! आणि विकताय?"

"गोड हवी असेल तर तान्ह्या बाळांना देतात तसली करून देते. बिब बांधू का गळ्यात?"

तो हसला. मग सामन, मग पोई, मग वाळवलेल्या मांसाची पट्टी, मग परत पोई… ताट कधी साफ झालं, त्याचं त्यालाही कळलं नाही. जाताना म्हणाला, "मी वेस्ली. ओहायोचा, टोलीडो शहरातला. तीन महिन्यांसाठी आलोय. टेकडीपलीकडच्या हॉटेलात पाहुण्यांना हवाईची मेजवानी देतात ना? ती मीच रांधतो."

"तुम्ही?"

"हो."

"अननसाची?"

"…बरीचशी." आणि त्याचे कान लालभडक झाले.

झालं. नोहेआचा घोटाळा इथेच सुरू झाला. या माणसाला हसावं, रागवावं की आणखी एक लाऊलाऊ वाढावा, हेच तिला समजेना. तिनं आपला लाऊलाऊ वाढला.

पुढच्या शुक्रवारी तो आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आला. मग एका मंगळवारी उगवला. मंगळवारी शेड बंद असते हे दारावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, तरी उगवला! म्हणाला, "कालो कुठे लावता, बघायचंय." कालो म्हणजे अळूच, पण इथल्यासारखं अळू कुठे नाही असं नोहेआच्या आजोबांचं ठाम मत. त्यांना सगळं खोरं टूटू, म्हणजे आजोबाच, म्हणतं. टूटूंनी वेस्लीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याचे पांढरेशुभ्र बूट पाहिले आणि म्हणाले, "ए ओहायो, बूट काढ. बघायचंय काय त्यात? उतर आत."

उतरला बिचारा. मांडीपर्यंत चिखल. पहिल्या दिवशी दोनदा बसला, एकदा आडवा झाला. पण कंद उपटायचा कसा, देठ कापून परत लावायचा कसा, सगळं टूटूंच्या मागे मागे फिरून शिकला. आणि प्रश्न तरी किती विचारावेत माणसानं! लाल मीठ लालच का? समुद्रातलं शेवाळ कुठल्या महिन्यात काढता? पोईत पाणी किती? टूटू सुरुवातीला उत्तरं द्यायचे, मग नोहेआकडे बोट दाखवायला लागले.

"कच्च्या माशाचं ते पोके असतं ना, त्यात आमच्या तिकडे आंबा घालतात," एकदा तो सांगत होता. "मका घालतात, वरून मेयोनीज, त्यावर कुरकुरीत कांदा…"

टूटू कंद धुता धुता थांबले. "का रे? माशानं काय गुन्हा केला होता?"

नोहेआ हसून हसून पाण्यातच बसली. वेस्ली तिच्याकडे बघत राहिला. असा बघत राहिला की तिलाच वाटलं, आपल्या नाकावर चिखल आहे का? होता. त्यानं बोट पुढं केलं… थांबवलं… आणि स्वतःच्या नाकाला लावून दाखवलं, "इथे. तुझ्या इथे लागलाय." कधीतरी मधेच ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते, कोणत्या दिवशी ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

आता तुम्हीच सांगा, यातून पोरीनं काय समजायचं? हा येतो तो खाण्यासाठी की तिच्यासाठी? दर वेळी तिला वाटायचं, आज कळेल. आणि दर वेळी तो अशी काही कोलांटी मारायचा की पहिलं होतं तेही कळेनासं व्हायचं.

त्या दिवशीचंच घ्या. टूटू गाडी आणायला गेले होते. पाऊस जोरात आला म्हणून ही दोघं शेडच्या पत्र्याखाली उभी राहिली. जागा इतकी चिंचोळी की त्याचा ओला दंड तिच्या दंडाला लागत होता. दोघांपैकी कुणीच बाजूला सरकत नव्हतं. पत्र्यावर धो धो आवाज. तो वाकला. तिच्या कानाशी आला.

"नोहेआ… एक विचारू?"

"विचार ना…" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"रागावणार नाहीस?"

"विचार तर…"

"अळूची पानं… चार तासांच्या आधी काढली तर घशाला खाज येतेच का?"

नोहेआनं त्याच्याकडे पाहिलं. पावसाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "येतेच. काढून खा आणि मर." आणि तशीच भर पावसात चालती झाली. मागे तो "नोहेआ, अगं… काय झालं?" करत उभा. त्याचं तोंड इतकं भांबावलेलं होतं, की तिला वाटलं याला खरंच काही विचारायचं होतं आणि ऐन वेळी जीभ घसरून अळूवर गेली. की तिनंच ते मनानं लावून घेतलं? रात्रभर तिनं या कुशीवरून त्या कुशीवर केलं, पण उत्तर काही मिळालं नाही.

वेस्लीचे तीन महिने संपायला आले. मंगळवारचं त्याचं विमानाचं तिकीट होतं. त्याच्या आदल्या रविवारी टूटूंनी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि त्याच सकाळी माइले आली. माइले ही नोहेआची मामेबहीण, त्याच हॉटेलात रिसेप्शनवर बसायची. दारातूनच तिनं एक कागद नाचवला.

"वेस्लीला ओहायोहून ई-मेलवर पत्र आलंय. मी छापून दिलं त्याला. त्यातलं एक पान… चुकून माझ्या पिशवीत पडलं."

"चुकून?"

"अगदी चुकून गं. वाच तर!"

नोहेआनं वाचलं. टोलीडोत नवीन हवाईयन हॉटेल निघतंय. मुख्य आचारी, वेस्ली. आणि खाली पदार्थांची यादी. सगळ्यात वर, जाड अक्षरात: 'नोहेआची खास थाळी'. लाऊलाऊ, अननसाच्या पाकात. पोई, व्हॅनिला घालून गोड केलेली. वर खोबऱ्याचा कीस आणि कागदी छत्री.

तिनं ते नाव पुन्हा वाचलं. तीन महिने… तीन महिने टूटूंच्या मागे मागे चिखलात फिरला, तो याच्यासाठी? वर्षानुवर्षं टूटूंनी जपलेलं सगळं उचलून न्यायचं आणि त्यावर अननस ओतायचा?

"पण नाव तुझं दिलंय," माइले म्हणाली. "कुणी उगीच देतं का?"

"तेच तर! चोरी करायची तर गपचूप करावी. वर माझं नाव? हा चोर आहे की… की…"

"की काय?"

"मला काय माहीत! मला काही कळत नाहीये, माइले!" आणि तिला रडूच फुटलं. कारण कळत नव्हतं त्यात एक गोष्ट मात्र लख्ख कळत होती, ती म्हणजे तिला तो हवा होता. मंगळवारी तो गेला तर ती कुणाचे कान लाल करणार होती? तोंड धुऊन तिनं कागदाची घडी केली, खिशात कोंबली. येऊ दे म्हणावं. आल्या आल्या दारातच विचारते.

पण मधे ती मीठ आणायला गेली, आणि परतीचा रस्ता वाहून आलेल्या मातीनं अडला होता. नोहेआ घरी परत पोचली तेव्हा वेस्ली येऊन बसलेला, ताटं मांडलेली, आणि टूटूंनी मधोमध ठेवलेल्या पोईच्या लाकडी भांड्याचं झाकण नुकतंच काढलेलं.

संपलं! आता बोलायची सोय नाही.

पोईचं भांडं उघडं असलं की घरात भांडण करायचं नसतं. सौदा करायचा नाही, वाकडा शब्द काढायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत. कालो हा माणसाचा थोरला भाऊ, असं इथे मानतात. आधी तो जन्मला, माणूस त्याच्या मागून. भांडं उघडं म्हणजे थोरला भाऊ पंगतीला बसलेला, आणि त्याच्यासमोर आवाज चढवायची इथल्या कुठल्याही घरात कुणाची टाप नाही. नोहेआ मनातल्या मनात दातओठ खात वेस्लीसमोर बसली.

वेस्लीला यातलं काही ठाऊक नव्हतं. "नोहेआ, बरं झालं आलीस. मला टोलीडोहून एक कामाचं—"

टूटूंनी बोट वर केलं. "ओहायो. भांडं उघडं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जेव. कामाचं झाकण लावल्यावर."

वेस्लीनं नोहेआकडे पाहिलं. तिनं पोईत बोट बुडवलं, गर्रकन फिरवलं आणि त्याच्याकडे न बघता तोंडात घातलं.

"कांदा हवा?" त्यानं विचारलं.

"नको. आभारी आहे." इतकं गोड, की वेस्ली घाबरला.

"काही… झालंय का?"

"कुठे काय? सामन घे ना. घे, घे. उद्या-परवा मिळायचा नाही."

"नोहेआ," टूटू म्हणाले, "भांडं."

टूटू मात्र निवांत जेवत होते. आणि कसे! एक बोटभर पोई, मग दहा वेळा चघळणं. मग खिडकीबाहेर बघणं. मग माशाचा एक काटा हुडकून तो ताटाच्या कडेला नीट ठेवणं. भांड्यातली पोई तळाला गेली आणि नोहेआनं झाकणाकडे हात नेला, तर टूटू शांतपणे म्हणाले, "आतून आणखी आण गं पोरी. आज छान उतरलीय."

तिनं आणली. ती संपत आली. "आणखी थोडी."

"टूटू! डॉक्टरांनी सांगितलंय—"

"डॉक्टर जेवायला आलाय का? मग?"

तिसऱ्यांदा भांडं भरलं. एव्हाना तासभर झाला होता. नोहेआनं मनातल्या मनात त्याला पंचवीस वेळा फाडून खाल्लं होतं, आणि सव्विसाव्या वेळी शब्दच सापडेनात. समोर बसून रागावणार तरी किती वेळ? तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या नखांत खोऱ्यातला चिखल अजून होता. त्यानं सामन आणि पोईचा क्रम बरोबर धरला होता, बोट बरोबर फिरवत होता, आणि खाता खाता त्याचे डोळे भरून येत होते. कांदा तर त्यानं घेतलाही नव्हता. असा कोणता चोर जेवताना रडतो? तिचा राग बसकण मारून बसला आणि त्याच्या जागी पुन्हा तोच जुना घोटाळा आला. पण आता त्यात विष नव्हतं, नुसती हुरहूर होती.

टूटूंनी शेवटी बोटानं भांड्याच्या कडा निपटल्या, झाकण ठेवलं आणि भिंतीला पाठ टेकून कण्हले, "हं. विचार आता. माझं पोट फुटायची वेळ आलीय."

"तुम्ही मुद्दाम…?"

"मला दुसऱ्या भांड्यालाच भूक नव्हती. तू दारात आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं असतंस तर कळलं असतं. तेव्हा बोलली असतीस तर पोरगं मंगळवारची वाट न बघता पोहतच ओहायोला गेलं असतं." आणि ते भिंतीचा आधार घेत, पोट सांभाळत आतल्या खोलीत गेले.

नोहेआनं कागद काढून चटईवर ठेवला. "हे काय आहे?"

वेस्लीनं बघितलं. "हे तुझ्याकडे… कसं?"

"चुकून. काय आहे ते सांग. लाऊलाऊत अननस? आणि वर माझं नाव? तू इथे यायचास ते कशासाठी, वेस्ली? एकदाच सांग. खरं काय ते सांग, मला वाईट वाटलं तरी चालेल. पण आता मला हा गोंधळ सोसत नाही."

"ही यादी मी नाही केली." त्याचे कान पेटले होते. "टोलीडोच्या मालकानं केलीय. मला म्हणाला होता, तिकडचं खरं जेवण कसं असतं ते सविस्तर लिहून पाठव. मी बसलो लिहायला. सात पानं लिहिली. म्हटलं, सगळं सांगू, पोई आंबट का असते, बाहेरचं पान का खायचं नाही…"

"आणि?"

त्यानं खिशातून दुसरा कागद काढला, पत्राचं पहिलं पान, घड्या पडून पडून मऊ झालेलं. "तूच वाच. मला वाचवत नाही."

तिनं वाचलं. मालकानं लिहिलं होतं: 'बाबा रे, तुझी सात पानं दोनदा वाचली. यात एकाही पदार्थाची कृती नाही. नोहेआ मात्र चोवीस वेळा आहे, मी मोजली. ही कोण आहे ते मला माहीत नाही, पण लोकांना ती आवडेल, म्हणून थाळीला तिचं नाव देतोय. बाकी अननसाचं मी बघतो.'

नोहेआनं 'चोवीस'वर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. अक्षरं हलायला लागली.

"मला लिहिताना कळलंच नाही," वेस्ली म्हणाला. "मी आपला पोईबद्दलच लिहीत होतो. नोहेआ म्हणते, बोट असं फिरवायचं. नोहेआ हसली की… हे त्यात कसं आलं, देवाला माहीत. त्याचं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं. त्या दिवशी पत्र्याखालीही मला हेच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि अळू बाहेर आलं."

"मूर्ख!" ती म्हणाली. हसत होती की रडत होती, कोण जाणे.

"हो. मी अजून त्याला उत्तर नाही दिलं. हॉटेलातलं काम संपलंय, इथे माझं दुसरं काही नाही. तू म्हणालीस जा, तर मंगळवारी जाईन. आणि तू म्हणालीस…" त्यानं चटईवरचा कागद उगीचच सरळ केला. "काय लिहू मी त्याला?"

"तू नको लिहूस. तू लिहिलंस की सात पानं होतात. फोन दे."

"आत्ता?"

"दे म्हणते ना!"

पलीकडे घंटा वाजली. दोनदा, तीनदा. वेस्ली श्वास रोखून बसला होता आणि आतल्या खोलीतलं टूटूंचं कण्हणंही थांबलं होतं. मग एक जाडसर आवाज आला, "हॅलो?"

"वेस्लीच्या फोनवरून बोलतेय," नोहेआ म्हणाली. तिनं दुसऱ्या हातानं वेस्लीचा हात धरला, चिखलाच्या नखांसकट, घट्ट. "तो येणार नाही. तो मला इथे हवाय."

"अहो, पण आपण कोण?"

"मी ना?" ती म्हणाली. "ती चोवीस वेळा आलेली."